कार्डांची आगोट

पाऊस घरात येऊ नये म्हणून सगळं कर्जत मे महिन्यात कौलं चाळतं, पत्रे ठोकतं, ताडपत्र्या बांधतं. आमच्या घरमालकांनी, म्हणजे काकांनी, यातलं काही केल्याचं मी कधी पाहिलं नाही. भिसेगावातल्या त्यांच्या घराला तीन ठिकाणी गळती होती आणि तिन्ही त्यांना तोंडपाठ होत्या.

"येऊ दे रं," ते म्हणायचे. "पावसाला आमी नाय घाबरत. त्याला सांगायचं, ये, बस, पण कशाला हात लावू नकोस."

आणि पाऊस त्या घरात खरंच कशाला हात लावत नसे. एक गळती बरोबर टीव्हीवर होती. वर थेंब पडताहेत, बातम्या देणारी बाई पडद्यामागे न्हाऊन निघते आहे आणि टीव्ही सुरू. मी स्वतः पाहिलं आहे. ज्यांना खोटं वाटतं त्यांनी काकूंना विचारावं. काकू माझ्यापेक्षा खरं बोलतात. तसं माझ्यापेक्षा खरं बोलायला फार कष्ट पडत नाहीत, हेही कबूल करतो.

काका साजगावच्या एका कारखान्यात विजेच्या मोटारींच्या वायंडिंगला वार्निश देत. तांब्याच्या तारांची गुंडाळी भट्टीत सुकवायची, वार्निशात बुडवायची, पुन्हा भट्टीत घालायची. आयुष्यभर हेच. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यानं त्यांना नारळ दिला. काकांनी घरी येऊन आधी नारळ हलवला, आत पाणी आहे याची खात्री केली आणि म्हणाले, "बघ. देवानं पाणी आत ठेवलं नि झाकण बाहेर. माणसानं मशीन केली तवा झाकणच इसरला."

त्या दिवसापासून जगातल्या प्रत्येक यंत्राला झाकण घालायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. सर्किटच्या कार्डावर द्यायचं एक पारदर्शक वार्निश मिळतं. ते पातळ करून, गाळून, स्टीलच्या डब्यात भरून ते देवघराशेजारच्या कपाटात ठेवत. गल्लीत त्याला सगळे तीर्थ म्हणत. मोबाईल, मिक्सर, रिमोट, पंखा, दारावरची बेल, सगळ्याच्या पोटातलं कार्ड बाहेर काढून त्यांनी त्याला तीर्थ पाजलं होतं. वीज मंडळाचा मीटरसुद्धा त्यांनी उघडायला घेतला होता. काकूंनी झाडू उगारला म्हणून वाचला.

"मला पण बुडवून काढा एकदा," काकू म्हणायच्या. "गुडघ्यात पाणी झालंय म्हणे."

"तुला सुकवायला तीन दिवस लागतील," काका म्हणायचे. "तवर सैपाक कोण करील?"

तीन दिवस हा त्यांचा कायदा होता. खोली भाड्यानं घ्यायला मी गेलो तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मोबाईल मागितला. मला वाटलं, नंबर घेताहेत. त्यांनी तो उघडून त्याच्या आतड्यांचा वास घेतला आणि काकूंच्या हाती देऊन सांगितलं, "चुलीच्या वरच्या फळीवर ठेव." तीन दिवसांनी मोबाईल परत मिळाला. पहिले दोन दिवस कोरडं करायचं. मग स्पिरिटनं पुसायचं. जिथं पिन शिरते, जिथून आवाज जातो, जिथं बटण टेकतं, तिथं कागदी पट्टी चिकटवायची. मग बुडवायचं आणि चिमट्यानं दोरीवर टांगायचं. वाळलं की पट्टी काढायची. "बोलायची जागा मोकळी ठेवायची," ते सांगत, "बाकी सगळं झाकायचं. बायकोला पण हेच सांगतो मी." यावर आतून भांडं आपटल्याचा आवाज येई.

पण सगळ्यात मोठा कायदा पहिल्या दोन दिवसांचा. ओल्या कार्डावर तीर्थ द्यायचं नाही, मग ब्रह्मदेवाचा बाप का आला असेना. ओल बाहेर असली तर ती उडून जाते. वरून झाकली तर ती आत कोंडते आणि आतल्या आत खात बसते. एवढं सांगताना काकांचा आवाज खाली यायचा. इतर वेळी तो आवाज भिवपुरीपर्यंत ऐकू जाई.

भिजलेलं यंत्र ते जिभेनं तपासत. कार्डाला जीभ लावायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. एकदा एक तरणा गडी मोबाईल घेऊन आला, म्हणाला, पेज नदीत पडला. काकांनी जीभ लावली. "पेजचं पाणी गोड लागतं," ते म्हणाले. "ह्याला साबण लागतो. हा मोरीत पडलाय. पडला पण नाय, बायकोनं टाकलाय. काय केलंस ते आधी निस्तर, मोबाईल मी बघतो." गडी लाजला आणि ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं आधी बायकोकडे गेला.

भाताच्या मुलखात राहून काकांचं भाताशी वैर होतं. मोबाईल भिजला की तांदळाच्या डब्यात खुपसायचा, ही विद्या आमच्याकडे घरोघरी आहे. काका म्हणत, तांदूळ खायला असतो, तो काय वैद्य आहे? एकदा नदीपलीकडचा एक शेतकरी आला. मोबाईल भिजून चार दिवस झाले होते.

"कुठं ठेवला होता?"

"भातात."

"कंच्या भातात?"

"बियाण्याच्या."

"सुक्या?"

शेतकऱ्यानं डोकं खाजवलं. "नाय. मोड आणायला भिजवलेलं पोतं होतं, त्यात. घाईत लक्षात नाय आलं."

काकांनी हात पुढे केला. मग त्यांनी मोबाईल उघडला. चार्जिंगच्या भोकातून हिरवा कोंब वर आला होता. काकांनी तो चिमट्यानं हलकेच उपटून दारातल्या डब्यात लावला, आणि त्या कोंबाला दिवाळीत जी लोंबी आली तिच्यात एकशे अकरा दाणे भरले. मी मोजले आहेत. मोबाईल मात्र गेला.

आता आगोटीचं. पावसाच्या चार महिन्यांचं सामान आधीच भरून ठेवायचं याला आमच्याकडे आगोट म्हणतात. सुकी मासळी, कांदे, मिरच्या, पापड, सरपण. काकांनी त्यात कार्डांची भर घातली. अक्षय तृतीयेपासून मृगापर्यंत त्यांच्या अंगणात दोऱ्या बांधलेल्या असत. एका दोरीवर शेजारणीचे बोंबील, दुसरीवर कार्डं. गळ्यात तुळशीची माळ असलेला, जन्मात मटण-मासळी न शिवलेला हा माणूस बोंबलांच्या वासात उभा राहून रिमोट सुकवायचा. एकदा मांजरानं दोरी चुकून मिक्सरचं कार्ड पळवलं, चाटलं आणि परत आणून टाकलं. काका म्हणाले, "बघा, मांजराला पण चालत नाय. म्हंजे कोटिंग पक्कं."

माझी नोकरी पाण्याच्या पंपांच्या विजेच्या पेट्या बसवायची आणि दुरुस्त करायची होती. कंपनीचं नाव सांगत नाही, ती अजून आहे आणि मला अजून कर्जतच्या बाजारात फिरायचं आहे. पेटीतल्या कार्डावर कागदाचं सील असे. सील तुटलं की वॉरंटी रद्द. आणि कार्ड ओलीनं मेलं असेल तर तेही वॉरंटीत नाही. काकांनी माझ्याकडून हे दोनदा वदवून घेतलं.

"म्हंजे ओलीनं मेलं तर तुमी देणार नाय. नि ओलीपास्नं वाचवायला उघडलं तरी देणार नाय."

"तसंच लिहिलंय."

"मग ती वारंटी हाय कशाची? उन्हाची?"

मी त्या कंपनीत चार वर्षं होतो. मला हा प्रश्न सुचला नव्हता. सुचला असता तरी विचारला नसता.

आता जे सांगतो त्यात मी काही वाढवलेलं नाही. वाढवता आलं असतं तर माझ्या सोयीनं वाढवलं असतं.

डोंगरातल्या एका वाडीवर आमची पेटी होती. ठाकर आदिवासींची वीस-बावीस घरं. झरा खाली घळीत आणि वाडी वर. पंप पाणी वर टाकीत चढवी. उन्हाळ्यात पंप छान चाले. पाऊस लागला की पेटीत ओल शिरे, कार्ड मरे आणि नवीन कार्ड अर्ज-बिर्ज होऊन दिवाळीला येई. म्हणजे घळीची वाट जेव्हा शेवाळून काचेसारखी होते, ओढा चिखलानं लाल होतो आणि फक्त झऱ्याचंच पाणी पिण्याजोगं उरतं, नेमके तेच चार महिने बायकांनी हंडे घेऊन खाली उतरायचं. वाडीच्या पाणी समितीची अध्यक्ष बुधीबाय मला दरवर्षी एकच विचारी, "तुमचं मशीन पावसाला भितं का रं? मग आमच्याकडं कशाला पाठवलं? इथं पाऊसच पडतो."

काकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "आगोटीला आण ते कार्ड. सील मी तोडतो. पाप माझ्या नावावर."

मी आज आणतो, उद्या आणतो करत मृग उजाडवला. कार्ड काढून आणलं तेव्हा पाऊस लागून आठवडा झाला होता आणि काका मुलीकडे चौकला गेले होते. फोनवर त्यांनी बजावलं, "कपाटात तीर्थ हाय. पण दोन दिवस फळीवर सुकव. मी येतो, मग बुडवू."

त्याच संध्याकाळी लोधिवलीला माझ्या दोस्ताच्या भावाची हळद होती. त्या मोसमातलं शेवटचं लग्न. हळदीचं मटण म्हणजे काय ते रायगडच्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून कळणार नाही. वाडीवर दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं मी कबूल करून बसलो होतो. मी कार्डाला हात लावला. कोरडं वाटलं. पट्ट्या लावल्या, बुडवलं, दोरीवर टांगलं आणि लोधिवलीला जाऊन तीन वाट्या रस्सा प्यायलो. सकाळी कार्ड पेटीत बसवलं. बुधीबायनं मला घावन खायला घातलं.

नवव्या दिवशी पंप बंद पडला. दहाव्या दिवशी बुधीबाय हंडा घेऊन घळीत उतरली, घसरली आणि उजवं मनगट मोडून घेतलं.

वाडीतल्या पोरांनी तक्रार थेट वर केली. हेड ऑफिसचे साहेब आले. मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरून डोंगर चढलो. चढताना ते म्हणाले, सील कोणी तोडलं ते आज कळलंच पाहिजे. आपला माणूस निघाला तर त्याला आजच घरी पाठवतो. परका निघाला तर गावाकडून लिहून घेऊ आणि पंपाशी आपला संबंध संपला. मी म्हटलं, हो साहेब. आणि छत्री आणखी त्यांच्या बाजूला सरकवली.

वर पोचलो तर पेटीजवळ काका आधीच येऊन बसलेले. मुलीकडचा मुक्काम लांबला होता; पंप बंद पडल्याचं नि साहेब येणार असल्याचं मी फोनवर कळवलं, तसे चौकहून परस्पर चढून आले होते. शेजारी दुधाची किटली. बुधीबाय प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून उभी होती, तिच्यामागे अर्धी वाडी.

साहेबांनी पेटी उघडली, कार्ड काढलं, उजेडात धरलं. वर तीर्थाचा चकचकीत थर, आणि थराखाली हिरवट बुरशीसारखे डाग, तांब्याच्या रेषा कुरतडल्यासारख्या तुटलेल्या. कोणीही सांगावं, ओल कोंडली आणि तिनं आतून खाल्लं. मी तिकडे पाहिलं नाही. मी छत्रीच्या काड्या मोजत होतो.

"हे कोणी केलं?" साहेबांनी विचारलं.

"मी," काका म्हणाले.

"तुम्ही कोण?"

"भिसेगावचा. वार्निशवाला. सील मीच तोडलं, बुडवलं पण मीच. नि वाईट बुडवलं. सुकवलं नव्हतं."

"ठाऊक होतं तर मग सुकवलं का नाही?"

काकांनी माळ सदऱ्याच्या बाहेर काढली, नीट केली आणि म्हणाले, "हळदीला जायचं होतं. लोधिवलीला. मटण गार होत होतं."

मी त्यांना हळदीचं सांगितलं नव्हतं. काकूंनी सांगितलं असणार, किंवा काकांनी त्या कार्डाला जीभ लावली असेल. साहेबांचं माळेकडे लक्ष गेलं नाही. बुधीबायचं गेलं. तिनं माळ पाहिली, मग छत्री पाहिली, मग छत्री धरणाऱ्याला पाहिलं.

साहेबांनी कागद काढला. ग्राहकांनी पेटी परस्पर उघडली, त्यामुळे कंपनीची जबाबदारी उरली नाही, असं काहीसं. "अध्यक्षबाई, इथं अंगठा."

"अंगठा प्लास्टरात हाय," बुधीबाय म्हणाली.

"डावा चालेल."

"मला सही येते. साक्षरतेच्या वर्गाला शिकले. पण नाय करणार."

"मग पंप कोण दुरुस्त करणार?"

तेव्हा काकांनी किटलीचं झाकण काढलं. किटलीत पाणी होतं, आणि पाण्यात, बाजारात नेलेल्या जिवंत जिताडा माशासारखं, एक कार्ड. दुसऱ्या एका मोडीत निघालेल्या पेटीतलं, अजून चालणारं, त्यांनी चौकला मुलीच्या चुलीवर सुकवून, पट्ट्या लावून, बुडवून तयार केलेलं. "काल सकाळधरनं पाण्यात हाय," ते म्हणाले. कार्ड झटकलं, तारा लागतात त्या जागा धोतराच्या सोग्यानं पुसल्या, फुंकल्या, पेटीत बसवलं. मग साहेबांकडे वळले. साहेबांच्या बॅगेत कंपनीचं कोरं कार्ड होतं, प्लास्टिकच्या पिशवीत, सीलसकट.

"तुमचं पण टाका की किटलीत. दोन्ही लावून बघू. जे चालंल त्याची वारंटी."

साहेबांनी बॅगेची चेन ओढली. उघडायला नव्हे, बंद करायला.

काकांनी खटका दाबला. लाइट होती, हे त्या दिवसाचं सगळ्यात मोठं आश्चर्य. पंपानं आधी खाकरल्यासारखं केलं. मग वरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायकांनी हंडे उचलले आणि टाकीकडे चालू लागल्या, एवढंच.

"हे नियमात बसत नाही," साहेब म्हणाले. "या पेटीची वॉरंटी आजपासून रद्द."

"वारंटी घेऊन जा," बुधीबाय म्हणाली. "दरसाल पावसात ती तुमच्याकडंच असते. पाणी राहू दे."

उतरताना साहेब पुढे होते, छत्री त्यांच्या स्वतःच्या हातात. मी काकांच्या मागे. निम्म्या वाटेवर मी म्हटलं, "काका, मी साहेबांना सांगतो."

"काय सांगतोस? तुझी नोकरी जाईल नि माझं भाडं." मग थोडं चालून म्हणाले, "खटका दाबताना माझी पण फाटली होती रं. पाण्यात ठेवायची काय गरज होती? तेवढी मस्ती होती माझी."

एवढंच बोलणं झालं. ते मला रागावले नाहीत. ते कुजकं कार्ड मात्र त्यांनी साहेबांकडून मागून घेतलं आणि घराच्या दर्शनी भिंतीवर खिळ्याला लटकवलं. आगोटीला येणारा प्रत्येक जण विचारी, हे काय? काका सांगत, "माझी चूक. ओल्यावर बुडवलं. हळदीला जायची घाई होती." वर्षानुवर्षं सांगत. शेवटी तर मटणाची चवसुद्धा सांगायला लागले, आणि माळकऱ्याच्या तोंडून ती ऐकायला लागली की मी उठून दोरीवरची कार्डं उलटी करायला जाई. मी पुढच्याच पावसाळ्यात नोकरी सोडली. वाडीवाडीच्या पेट्यांची सीलं दिवसाढवळ्या तोडत सुटलो. दोन कंपन्यांनी मला नोटिसा धाडल्या. त्या कागदांना मी तीर्थ दिलं आहे, अजून कोरे करकरीत आहेत.

काका गेले ते ऐन वैशाखात, कोरडे ठणठणीत. ओलीला शेवटपर्यंत सापडले नाहीत.

आगोट आता मी भरवतो, त्याच अंगणात. काकू ओट्यावर बसून चिमटे देतात. या वर्षी रांग गेटाबाहेर गेली होती. कोणीतरी भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, "ह्ये कुणाचं काम?"

"माझं," मी म्हणालो. "काकांनी अंगावर घेतलं. हळदीला मी गेलो होतो."

सगळी रांग हसली.

"फेकू नको रं," एक जण म्हणाला. "काकांचं हाय ते. काका सोता सांगायचे."

"मोबाईलला लोंबी आली म्हणणारा हा," दुसरा म्हणाला. "आता काकांची चूक पण ढापतो."

मी शपथ घेतली तर आणखी हसले. एकशे अकरा दाण्यांवर विश्वास ठेवणारी माणसं ही, पण यावर ठेवेनात. मी काकूंकडे पाहिलं. काकू चिमटे मोजू लागल्या.

बुधीबाय रांगेत सहावी होती. डोंगर उतरून आली होती. नंबर आला तेव्हा तिनं मोबाईल माझ्यापुढे ठेवला, उजव्याच हातानं. मनगट थोडं वाकडं बसलंय, तिनं ते लपवलं नाही. भिंतीवरच्या कार्डाकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे.

"नीट सुकव," ती म्हणाली. "तीन दिवस ठेव. मला घाई नाय."